न मेलेल्या माशांची साक्ष

रॅचेल कार्सन हे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतात ते पक्षी. डीडीटीच्या फवाऱ्यांनी पाखरांचा आवाज हरपल्याची कहाणी त्यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ सालच्या ग्रंथाने जगाला सांगितली. मला मात्र या बाईंचे आयुष्य माशांच्या बाजूने वाचावेसे वाटते. त्या मुळात माशांच्याच अभ्यासक होत्या.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी, पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावी झाला. लेखिका व्हायचे म्हणून त्या कॉलेजात गेल्या आणि जीवशास्त्रात रमल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी विषय निवडला तो कॅटफिशच्या भ्रूणातील आद्य मूत्रपिंडाचा. हे मूत्रपिंड पिल्लाला थोडाच काळ उपयोगी पडते. माशाची वाढ झाली, की त्याच जागी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी नांदतात. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१९३२ साली पदवी मिळाली. पण घरची स्थिती बेताची. १९३५ मध्ये वडील गेले. पुढचे संशोधन सोडून त्या सरकारी मत्स्यखात्यासाठी रेडिओची संहिता लिहू लागल्या आणि १९३६ मध्ये तेथेच नोकरीला लागल्या. १९३७ मध्ये बहीण वारली. तिच्या दोन मुलींचा भारही यांच्यावर आला. दिवसा नोकरी, रात्री लेखन. १९५१ च्या ‘द सी अराउंड अस’ने कीर्ती आणि पैसा दिला, तेव्हा कुठे १९५२ मध्ये नोकरी सुटली.

‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिशी नदीची हकीकत आहे. १९५४ च्या जूनमध्ये स्प्रूस वृक्षांवरच्या अळीचा नायनाट करण्यासाठी तेथील जंगलांवर विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. नदीत सॅमन मासे मरून पडले आणि त्या वसंतात जन्मलेली पिल्ले जवळजवळ नाहीशी झाली. मेलेले मासे काठावर दिसतात, ते मोजता येतात. पण त्याच ग्रंथात कार्सनबाईंनी आणखी एक, न दिसणारी हानी नोंदवली. डीडीटी दिलेल्या कोवळ्या कोंबड्यांची वृषणे खुरटली होती, तुरे वाढले नव्हते. यकृत बिघडले तर शरीरातील जादा इस्ट्रोजेनचा निचरा होत नाही आणि त्यातून कर्करोगाला वाट मिळू शकते, ही शंकाही त्यांनी मांडली.

हे लिहीत असताना, १९६० मध्ये, त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. वैयक्तिक दुःखापोटी लिहिले असा ठपका विरोधकांनी ठेवू नये म्हणून त्यांनी आजार गुप्त ठेवला. जून १९६३ मध्ये दुखणे अंगावर काढतच त्यांनी सिनेट समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्या गेल्या.

१९७२ मध्ये अमेरिकेने शेतीसाठी डीडीटी बंद केले. पुढे १९७५ ते १९८५ या काळात पूर्व कॅनडाच्या जंगलांवर त्याच अळीसाठी दुसरे कीटकनाशक फवारले गेले. त्यात द्रावक म्हणून नोनिलफेनॉल होते. विष म्हणून लक्ष होते ते मूळ औषधावर; द्रावक दुय्यम मानला गेला. या वेळी नदीकाठी माशांचा खच पडला नाही. मात्र हे द्रव्य शरीरात इस्ट्रोजेनची नक्कल करते. गोड्या पाण्यातून समुद्राकडे निघालेल्या सॅमनच्या पिल्लाला खाऱ्या पाण्यासाठी तयार करणाऱ्या संप्रेरकांत कॉर्टिसॉलही असते. ऐन त्या बदलाच्या दिवसांत ही नक्कल ढवळाढवळ करू शकते. १९९९ मध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी या फवारणीचा आणि नंतर घटलेल्या सॅमनचा संबंध दाखवला. कार्यकारणभावाचा मुद्दा त्यांनी प्रश्नचिन्हासह मांडला.

नंतर ओंटारिओतील एका तळ्यात थेट प्रयोगच झाला. २००१ ते २००३ अशी तीन वर्षे त्या पाण्यात गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेन सोडण्यात आले. प्रमाण लिटरला जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम. तेथील फॅटहेड मिनो या लहान माशांच्या नरांत अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि त्या माशांची संख्या नामशेष होण्याइतकी घसरली. मासे विषाने तडफडून मेले नव्हते. त्यांची पुढची पिढीच जन्माला येत नव्हती.

किती मेले, एवढेच विचारून रसायन निर्धोक ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. ती अपुरी असल्याचा इशारा कार्सनबाईंनी १९६२ मध्येच दिला होता. ओंटारिओच्या तळ्यात ते औषध सोडणे थांबल्यावर काही वर्षांत मासे पुन्हा वाढले. म्हणजे नदीला सावरता येते. पण त्यासाठी तिच्यात काय ओततो आहोत याची चौकशी मासे काठाला लागण्याची वाट न पाहता करावी लागेल.