चाळीस वर्षे शोधलेले फूल

एसा ग्रे हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रातले एकोणिसाव्या शतकातले सर्वांत मोठे नाव. जन्म १८१० चा, न्यू यॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. पदवी डॉक्टरकीची, पण मन रमले झाडापानांत. १८४२ पासून हार्वर्डला प्राध्यापक. उत्क्रांतीची कल्पना डार्विनने पुस्तक निघण्याआधी ज्या मोजक्या माणसांना पत्राने कळवली, त्यांत हे एक. आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही अमेरिकेत डार्विनची बाजू हिरिरीने मांडली ती त्यांनीच. एवढे कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला ओढ वाटते ती त्यांच्या एका रानफुलाच्या वेडाची.

१८३९ साली मिशिगनच्या नव्या विद्यापीठासाठी पुस्तके खरेदी करायला ग्रे युरोपात गेले होते. वय अठ्ठावीस. पॅरिसला आंद्रे मिशो या फ्रेंच भटक्याने अर्ध्या शतकापूर्वी जमवलेले वाळके नमुने ते चाळत होते. एका कागदावर गोलसर, दातेरी कडांची पाने आणि एकच फळ. फूल नाही, नाव नाही. कॅरोलिनाच्या उंच डोंगरांतले, एवढाच पत्ता.

ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आम्ही बँकवाले सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे ती वर्षानुवर्षे पडून राहते. कुणाचे काही अडत नाही. पण एखादा अधिकारी असा निघतो, की त्या नोंदीचा निकाल लागेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. सगळ्या नोकरीत मी असे दोघेच पाहिले. ग्रे त्यांच्या जातीचे.

१८४१ च्या उन्हाळ्यात ते कॅरोलिनाच्या डोंगरांत शिरले. उंच शिखरे पालथी घातली. इतर दुर्मिळ वनस्पती मिळाल्या, ही नाही. तरी पुढच्या वर्षी त्यांनी तिचे बारसे उरकले: शॉर्टिया. केंटकीचे वनस्पतिप्रेमी चार्ल्स शॉर्ट यांच्या सन्मानार्थ. गंमत अशी, की शॉर्ट १८६३ साली वारले तोवर त्यांचे नाव मिरवणारे हे झाड जिवंत कुणाला सापडलेच नव्हते. १८४३ ची ग्रे यांची दुसरी फेरीही रिकामीच गेली.

मुलीकडे गेलो असताना एका एप्रिलात मी ते ॲपलाचियन डोंगर पाहिले. दोन सोंडांमधल्या ओलसर घळींत वरून वाहून आलेली काळी, भुसभुशीत माती साचते. मोठ्या वृक्षांना पालवी फुटायच्या आत तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचते, आणि तेवढ्या चार-सहा आठवड्यांत खालची फुले आपला संसार उरकून घेतात. तीन पाकळ्यांचे ट्रिलियम, पांढरे ब्लडरूट, पाय ठेवायला जागा नाही! आपल्याकडे कासचे पठार पावसाच्या शेवटी फुलते. तिथली घाई सावलीच्या आधीची. जूनमध्ये त्यातली कितीतरी रोपे मातीवर दिसतही नाहीत.

शॉर्टिया बारमाही हिरवी असते, पण फुलते मार्च-एप्रिललाच, आणि तीही शिखरांवर नव्हे, खालच्या ओढ्यांच्या काठी. मिशोच्या पत्त्यामुळे ग्रे उंचावर शोधत राहिले, आणि तेही उन्हाळ्यात.

मधल्या काळात जपानी नमुन्यांत तिचे सोयरे त्यांना भेटले. पूर्व अमेरिका आणि जपान यांच्या वनस्पतींत एवढे साम्य का, याचे उत्तर त्यांनी १८५९ साली मांडले: एके काळी उत्तरेकडून सलग असलेले रान हिमयुगाने तोडले. त्यांचे हे काम आजही थोर मानतात.

आणि शॉर्टिया सापडली कुणाला? सतरा वर्षांच्या एका पोराला. १८७७ साली, नॉर्थ कॅरोलिनात कटाबा नदीकाठी. नाव जॉर्ज हायम्स. वडील औषधी मुळ्या-पाल्याच्या व्यापारात. बापलेकांना झाड ओळखू येईना, म्हणून दीड वर्षाने नमुना ऱ्होड आयलंडमधल्या एका परिचिताकडे धाडला. तिथून तो ग्रे यांच्या हाती आला. या वेळी फुलासकट. नकळत केवढे देणे फेडले त्या पोराने!

१८७९ साली अडुसष्ट वर्षांचे ग्रे पत्नी जेन आणि मित्रांसह ती जागा पाहायला गेले. झाड होते, चकाकती पाने होती. पण महिना जून. बहर केव्हाच ओसरला होता.

मिशोची मूळ जागा सार्जंट या त्यांच्या मित्राला १८८६ साली लागली, दक्षिणेला किओवी नदीच्या उगमाकडे. तिथे शॉर्टिया रानभर पसरलेली होती. ही बातमी ग्रे यांना कळली. जानेवारी १८८८ मध्ये ते गेले. त्या खोऱ्यात १९७३ साली वीजनिर्मितीसाठी जोकासी धरण झाले, आणि शॉर्टियाच्या रानाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. काठावरच्या घळींत जी उरली, ती अजून मार्चमध्ये फुलते.