पायातला काटा आणि डॉक्टर कार्टर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सिंदखेडराजाच्या माँसाहेबांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी अशा एका डॉक्टरांविषयी लिहिते, ज्यांना जगभरचे वैद्यक शिकणारे ओळखतात, पण आपल्या गावात कुणी ओळखत नाही. आमच्या घरावर मात्र त्यांचे ऋण आहे.

आमचे धाकटे भाऊजी पऱ्हाटीच्या वावरात अनवाणी हिंडायचे. एकदा तळव्यात बाभळीचा काटा मोडला आणि पुढे तेथे गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून मीच हळद-तेल लावून देत राहिले. अशी तीन वर्षे गेली. मग पाय सुजला, गाठीला तोंडे पडली आणि पुवातून खसखशीएवढे काळे कण येऊ लागले. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविला आणि महिनाभर थांबावे लागेल असे सांगितले. मला फार राग आला. माणसाचा पाय जायची वेळ आली, आणि हे बुरशी उगवण्याची वाट पाहत बसणार! तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या माझ्या मुलीने मला डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची हकीकत सांगितली.

कार्टर यांचा जन्म 1831 साली इंग्लंडातील हल या गावी झाला. वडील चित्रकार होते, त्यामुळे मुलाचाही हात चित्रात तयार झाला. लंडनला डॉक्टरी शिकल्यावर डॉ. ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथासाठी त्यांनी साडेतीनशेहून अधिक चित्रे काढली. 1858 साली निघालेला तो ग्रंथ नवनव्या आवृत्त्यांतून आजही वापरात आहे. परंतु कीर्ती सारी ग्रे यांच्या नावाला मिळाली. कार्टर यांना एकरकमी मोबदला मिळाला, पुढच्या विक्रीतला वाटा मिळाला नाही.

त्याच वर्षी ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात रोगी पाहत. तेथे सुजलेल्या, भोके पडलेल्या पायांचे गरीब लोक येत. मद्रासकडच्या मदुरा गावावरून या रोगाला मदुरा पाय म्हणत. पाय कापून टाकण्यापलीकडे तेव्हा फारसा उपाय नव्हता. असे कापलेले पाय कार्टर यांनी चिरून पाहिले, त्यांची चित्रे काढली, आणि हा रोग शरीरात शिरलेल्या बुरशीचा आहे, असे 1860 च्या सुमारास मांडले. काही रोग्यांचे कण काळे, तर काहींचे फिके असतात, हेही त्यांनी नोंदविले. पुढे 1863 पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. 1874 साली त्यांनी या रोगावर पुस्तक काढले.

पण याच कामात त्यांची एक चूक झाली. जपून ठेवलेल्या नमुन्यावर लालसर बुरशी उगवली. तीच रोगाचे मूळ असे त्यांना वाटले. इंग्लंडातील बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिला कार्टर यांचे नावही दिले. पण ती खरी अपराधी नव्हती. आपल्या शिळ्या भाकरीवर बुरशी येते, तशी ती बाहेरून आलेली होती. 1875 साली कलकत्त्याच्या दोन डॉक्टरांनी बुरशीच्या या मतावरच शंका घेतली.

कार्टर थांबले नाहीत. कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यास ते नॉर्वेपर्यंत जाऊन आले होते. 1877 साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत तापाची साथ पसरली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तापाचे जंतू पाहिले. 1888 साली निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि 1897 साली क्षयाने वारले.

फिक्या कणांतील जंतू 1894 साली व्हिन्सेंट यांनी वाढवून दाखविला. तो बुरशीसारखे धागे काढणाऱ्या जिवाणूंच्या जातीचा निघाला. काळ्या कणांतली खरी बुरशी मात्र 1898 साली, कार्टर गेल्यानंतर एका वर्षाने, अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. राइट यांनी वाढविली. कार्टर यांनी धरलेली बुरशी चुकीची होती, पण काळ्या कणांत बुरशी असते, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले.

हे ऐकल्यावर महिनाभर थांबण्याचे कारण मला समजले. जिवाणूंची औषधे निराळी, बुरशीची निराळी. शिवाय बुरशी सावकाश वाढते, आणि काचेच्या बशीत उगवले ते सारे रोगाचेच असेल असे नाही. ती कणांतूनच उगवली का, तिचा रंग कसा, धागे कसे, हे सारे पाहून मगच नाव द्यावे लागते. घाईने दिलेले नाव कसे फसवते, हे कार्टर यांच्या लाल बुरशीने दाखविलेच आहे.

भाऊजींचा रोग बुरशीचा निघाला. कित्येक महिने औषध चालले, गाठ कापून काढली, आणि पाय वाचला. मात्र तीन वर्षे आधी दाखविले असते, तर इतके हाल झाले नसते. ती चूक माझी.

म्हणून भगिनींना एवढीच विनंती की, वावरात जाणाऱ्या आपल्या माणसांना पायात जोडा घालावयास लावा. काट्याच्या जागी गाठ आली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. आणि तपासणीला वेळ लागला, तर माझ्यासारखा राग करू नका.