सिंदखेडचे राजे लखुजीराव जाधव

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे; त्यांचे पिताजी लखुजीराव यांचे चरित्र मात्र आमच्या घरांतून फारसे वाचले जात नाही. निजामशाहीतील हे बलाढ्य सरदार १६२१ साली मोगलांस मिळाले. पुत्र, नातू व आप्त धरून घराण्यास एकूण २४,००० जात व १५,००० स्वार अशा मनसबी लाभल्या. (हा आकडा एकट्या लखुजीरावांचा समजणे चूक होय.) निशाण व नौबत हा त्या काळी वरिष्ठ मनसबदारांचाच मान असे. पुढे ते निजामशाहीकडे परतले आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव यांच्यासह दग्याने मारले गेले. सिंदखेडास त्यांची भव्य समाधी आहे.

ही सनावळी देण्यास कारण आहे. जुनी तलवार, नगारा वा शिक्का लखुजीरावांचा म्हणून कोणी दाखविल्यास आम्ही प्रथम साल विचारतो. त्यांस मिळालेले मोगली मानचिन्ह १६२१ पूर्वीचे असणार नाही. शिवछत्रपतींचा जन्म तर १६३० चा, तेव्हा त्यांनी आजोबांस दिलेली तलवार ही शुद्ध थाप. घरच्या वस्तू दसऱ्यास घासून लखलखीत करू नयेत, अशी बंधुभगिनींस आमची विनंती आहे. त्यावरील झिजलेली अक्षरे त्यामुळे कायमची जातात.