लाव्हाच्या दोन थरांमधले भुंगेरे

कसाऱ्याहून कल्याण-मुंबईला कॉलेजसाठी अपडाऊन करणाऱ्यांनो, एकदा उलट्या दिशेने, नाशिककडे जा. कसाऱ्यात गाडीला मागून बँकर इंजिन लागतं आणि थळ घाट सुरू होतो. मोबाइल खिशात ठेवा, खिडकीतून डोंगर बघा. कातळात आडवे थर दिसतील. हे लाव्हाचे लोंढे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात इथे काय होतं? नुसता ओसाड खडक?

याचं उत्तर ज्यांनी पुराव्यानिशी दिलं त्यांचं नाव तुम्ही ऐकलंय, पण कॉलेजचं म्हणून. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज. स्टीफन हिस्लॉप 1817 मध्ये स्कॉटलंडच्या डन्स गावी जन्मले, 1845 मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. त्यांच्या धर्मप्रचाराबद्दल तुमचं मत काहीही असो, दगड वाचण्यात माणूस भारी होता.

1851 च्या सुमारास हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक पातळ थर सापडला. तो होता जुन्या तळ्यातला गाळ. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया, लाकूड आणि चक्क कीटक! कीटक म्हणजे अख्खे नव्हेत हं. भुंगेऱ्याच्या पाठीवर पंख झाकणारी टणक टरफलं असतात ना, ती. मऊ शरीर कुजून जातं, टरफल टिकतं. नखाएवढ्या त्या तुकड्यांवरून किड्याचं घराणं ओळखायचं म्हणजे गंमत नाही. अँड्र्यू मरे या कीटकतज्ज्ञांनी ते काम केलं आणि 1860 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधे तळी साचली होती, झाडं वाढली होती, त्यांच्यावर भुंगेरे फिरत होते. मग पुन्हा लाव्हा आला.

थराच्या वयात मात्र हिस्लॉप थोडे चुकले. त्यांनी तो डायनासोरनंतरच्या इओसीन काळातला मानला. आज असे बरेच थर त्याहून जुने, डायनासोरांच्या शेवटच्या दिवसांतले मानले जातात. त्या काळी खडकाचं वय मोजायची यंत्रंच नव्हती, सगळी भिस्त शंखशिंपल्यांवर. त्या मानाने नेम जवळच लागला म्हणायचा.

सप्टेंबर 1863 मध्ये ते टाकळघाटला गेले होते. तिथली प्राचीन शिळावर्तुळं उकरून बघायचं काम चाललं होतं. परतताना रात्र झाली, पावसाने पाणी चढलेलं, आणि बोरीजवळ ते बुडाले. तारीख 4 सप्टेंबर. चार दिवसांनी त्यांना 46 वं वर्ष पूर्ण झालं असतं. गोंड लोकांविषयी जमवलेले त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. कॉलेज सुरू झालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1883 मध्ये.