एका हाकेवर धावणारा प्रोग्राम

आरमार म्हटलं की अलिबाग-मुरूडच्या पोरांना सरखेल कान्होजी आंग्रे आठवणारच. पण तुम्ही कम्प्युटर शिकत असाल, तर आणखी एका आरमारी अधिकाऱ्याची ओळख करून घ्या. नाव ग्रेस हॉपर.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी घरातली सात गजराची घड्याळं खोलून बसलेली ही मुलगी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. झाली. दुसऱ्या महायुद्धात, वजन कमी भरत असतानाही खास सवलत मिळवून त्या अमेरिकेच्या राखीव नौदलात भरती झाल्या. काम मिळालं हार्वर्डच्या मार्क वन या अवाढव्य गणनयंत्रावर.

तिथे एक डोकेदुखी होती. नेहमी लागणाऱ्या आकडेमोडीचे तयार तुकडे, म्हणजे सबरूटीन, प्रत्येकाच्या वहीत असायचे. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचे. उतरवताना एखादं अक्षर चुकायचं, नाहीतर मेमरीतले पत्ते बदलताना बेरीज चुकायची. मूळ तुकडा अगदी बरोबर, पण दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये चालेना!

पुढे युनिव्हॅक यंत्रावर काम करताना १९५२ मध्ये हॉपरबाईंनी यावर तोड काढली. प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन सगळे तुकडे चुंबकीय फितीवर साठवले. आपण फक्त नंबर सांगायचे. तुकडे शोधून जागच्या जागी बसवायची हमाली यंत्राची. हाच ए-झीरो कंपायलर. यंत्र फक्त आकडेमोड करतं, प्रोग्राम तयार करणं त्याचं काम नाही, असं मानणाऱ्यांनी आधी त्याला हातच लावला नाही. बाई मागे हटल्या नाहीत. १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोल भाषेला त्यांच्याच फ्लो-मॅटिकचा मोठा आधार मिळाला. १९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

ती डोकेदुखी मात्र लोणेऱ्याच्या इंजिनीअरिंगच्या मुलांनाही ठाऊक असेल. प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर मस्त चालतो आणि परीक्षकांसमोर लॅबच्या मशीनवर लायब्ररी सापडत नाही म्हणून अडतो. उपाय त्याच वळणाचा आहे. लागणाऱ्या फायली आणि लायब्ररी एकत्र बांधा. लिनक्सवर असाल तर सोबतच्या छोट्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या इंटरप्रिटरने चालवायची ते लिहा, फाइलला चालण्याची परवानगी द्या. मग टर्मिनलवर एक कमांड पुरते. सबमिट करण्याआधी ती मित्राच्या मशीनवर, स्वतः कीबोर्डला हात न लावता, मित्रालाच टाइप करायला सांगा.