पोस्टकार्डांवरून भूकंपाचा ठावठिकाणा शोधणारा माणूस : जॉन मिल्न



भूकंपाची बातमी आली की तासाभरात टीव्हीवर सांगतात, केंद्र अमुक गावापासून इतक्या किलोमीटरवर होतं. मुलं लगेच विचारतात, जमिनीच्या आत कोणी गेलं नाही, मग हे कळलं कसं? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर जॉन मिल्न यांचं चरित्र मुलांना सांगायलाच हवं.

बालपण व शिक्षण

जॉन मिल्न यांचा जन्म 30 डिसेंबर 1850 रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. लंडनला त्यांनी भूशास्त्र आणि खाणकामाचं शिक्षण घेतलं. काही काळ न्यूफाउंडलंडमध्ये खनिजांचा शोध घेतला. त्या काळात जपान सरकार परदेशातून शिक्षक बोलावत होतं. टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मिल्न यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. जहाजाचा प्रवास टाळून ते रशिया, सायबेरिया, मंगोलिया, चीन असा बहुतेक रस्ता जमिनीवरून करत, कित्येक महिन्यांनी 1876 मध्ये टोकियोला पोहोचले. म्हणजे मिल्न मुळात आपल्यासारखेच शिक्षक, खाणकाम शिकवायला गेलेले.

एका धक्क्याने दिशा बदलली

22 फेब्रुवारी 1880 रोजी योकोहामाला जोराचा धक्का बसला, घरांची धुराडी कोसळली. मिल्न यांनी लगेच पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी जपानची भूकंपशास्त्र संस्था सुरू झाली. जेम्स युइंग व थॉमस ग्रे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भूकंपमापन यंत्रं तयार केली. कल्पना साधी होती. जमीन हलली तरी टांगलेलं जड वजन लगेच हलत नाही. त्या दोघांमधला फरक कागदावर रेघ होऊन उमटतो.

पोस्टकार्डांचा उपक्रम

पण यंत्रं थोडी आणि देश मोठा. मग मिल्न यांनी काय केलं? टोकियोभोवतीच्या गावोगावी पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. दर आठवड्याला एक कार्ड टाका आणि धक्का जाणवला की नाही ते कळवा, एवढीच विनंती. कार्डं आली तशी नकाशावर खुणा झाल्या. कुठे धक्का बसला, कुठे नाही, हे डोळ्यांना दिसू लागलं. बरेचसे धक्के समुद्राच्या बाजूने येतात हेही लक्षात आलं. पुढे सरकारच्या मदतीने अशा नोंदी देशभरातून येऊ लागल्या. 1885 ते 1892 या काळातल्या तब्बल 8331 भूकंपांची यादी मिल्न यांनी तयार केली. ही यादी सामान्य माणसांच्या नोंदींवर उभी होती, हे मुलांना आवर्जून सांगावं.

28 ऑक्टोबर 1891 रोजी मिनो-ओवारी भागात भयंकर भूकंप झाला आणि सात हजारांहून जास्त माणसं गेली. पडलेल्या घरांचा व पुलांचा अभ्यास करताना मिल्न यांना एक गोष्ट पक्की कळली : धक्का थांबवता येत नाही, पण तो कुठे येतो हे कळलं तर बांधकाम सुधारता येतं.

सगळं जळालं, तरी…

17 फेब्रुवारी 1895 रोजी मिल्न यांचं घर, वेधशाळा, यंत्रं, पुस्तकं आगीत भस्मसात झाली. वीस वर्षांच्या मेहनतीतलं बरंच काही गेलं. त्याच वर्षी पत्नी तोने यांना घेऊन ते इंग्लंडला परतले आणि आइल ऑफ वाइट बेटावरील शाइड या छोट्या गावी नव्याने वेधशाळा उभारली. आता त्यांचा नकाशा अख्ख्या जगाचा होता. कारण 1889 मध्ये जपानचा भूकंप जर्मनीतल्या एका यंत्रावर नोंदला गेला होता. म्हणजे लाटा पृथ्वीभर जातात हे सिद्ध झालं होतं. मिल्न यांनी एकाच प्रकारची यंत्रं देशोदेशी बसवून घेतली आणि सगळ्या नोंदी शाइडला मागवल्या. यातलं एक यंत्र आपल्या मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत 1898 मध्ये बसलं.

अंतर कसं कळतं?

दोन मुलं शाळेतून एकाच वेळी निघाली, एक सायकलवर, एक पायी. जवळच्या घरी दोघं थोड्याच फरकाने पोहोचतील. लांबच्या घरी सायकलवाला बराच आधी पोहोचेल. फरक जास्त म्हणजे अंतर जास्त. भूकंपातही तसंच. वेगवान प्राथमिक लाटा आधी येतात, दुय्यम लाटा मागून. मिल्न आधीची बारीक थरथर आणि नंतरच्या मोठ्या लाटा यांतल्या वेळेवरून अंतर काढत. दोन्ही लाटांची नीट ओळख रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून पटवून दिली, तर जवळच्या भूकंपासाठी सोपं सूत्र जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी दिलं. साधारणपणे फरकाच्या सेकंदांना 8 ने गुणलं की किलोमीटर मिळतात. फरक 25 सेकंद असेल तर अंतर सुमारे 200 किलोमीटर.

पण दिशा कोणती? एका केंद्रावरून ती कळत नाही, म्हणून त्या अंतराचं पूर्ण वर्तुळ काढायचं. दुसऱ्या केंद्राचं वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदतं. तिसरं वर्तुळ त्या दोनांपैकी ज्या ठिकाणाजवळून जातं, तेच अपिकेंद्र. म्हणूनच एकट्या हुशार माणसापेक्षा लांबलांबच्या केंद्रांचं सहकार्य इथे महत्त्वाचं ठरतं.

31 जुलै 1913 रोजी मिल्न यांचं निधन झालं. काही वर्षांनी तोने जपानला परत गेल्या. आज यंत्रं संगणकाला जोडलेली आहेत, पण कमीत कमी तीन ठिकाणच्या नोंदी जुळवायच्या ही रीत तीच आहे.

वर्गासाठी उपक्रम

1. महाराष्ट्राच्या नकाशावर मनात एक गाव धरा. तीन शहरांपासून त्याचं अंतर मोजा व 8 ने भागून सेकंद काढा.
2. मुलांना फक्त शहरांची नावं आणि सेकंद द्या.
3. मुलांनी अंतर काढून, नकाशाच्या प्रमाणानुसार कंपासने तीन वर्तुळं काढावीत व गाव शोधावं.
4. नंतर दोनच शहरं देऊन पाहा. मुलं अडकतील, आणि तिसरं केंद्र का लागतं ते न सांगता कळेल.

वर्तुळं अगदी एका बिंदूत मिळाली नाहीत तर रागावू नका. खऱ्या नोंदींतही छोटा त्रिकोण उरतोच. त्रिकोण का उरला असेल, हे मात्र मुलांना जरूर विचारा.