पाते फिरंगी, हात लहुजींचा

नागपूरच्या पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनहून मुंबईत आली, आणि आमच्या नेरुळच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींत सरळ दोन तट पडले. वर्तमानपत्रात सगळ्यांनीच वाचले होते की, तलवारीचे पाते युरोपात घडलेले आहे, मूठ इकडची आहे आणि पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव सोन्याच्या पाण्याने कोरलेले आहे. मग ही तलवार आपली म्हणायची की परक्यांची? वाद तलवारीवरून दांडपट्ट्यावर गेला. दांडपट्टा म्हणजे तर १९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शिवजयंतीला जाहीर झालेले आपले राज्यशस्त्र! त्याचेही मूळ बाहेरचे निघाले तर काय करायचे, या चिंतेने एका गृहस्थांचा चहा गार झाला.

परक्याच्या बाजूचा पुरावा काही थोडाथोडका नाही. आपल्याकडे सरळ, लांब, परदेशी पात्याच्या तलवारीला नावच मुळी फिरंग असे पडले. गोवा, चौल, वसई ही बंदरे पोर्तुगीजांकडे होती. युरोपातली, त्यात जर्मनीतल्या झोलिंगेन गावचीही, पाती जहाजातून इकडे येत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवत. कित्येक जुन्या पट्ट्यांनाही अशीच परदेशी पाती आढळतात. इंग्लंडच्या राजघराण्याकडे असलेली, कोल्हापूरहून १८७५ च्या सुमारास युवराजांना भेट गेलेली शिवकालीन तलवार घ्या. तिच्या पात्यावर तर येशूच्या नावाची रोमन अक्षरे उमटवलेली आहेत.

शब्दांकडे पाहावे तर तीच गत. वस्ताद हा फारसीतला उस्ताद. तालीम आणि कसरत अरबीतून आलेले. मर्दानी खेळातला जंबिया म्हणजे येमेनकडचे अरब कमरेला लावतात तो वाकडा खंजीर. दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात की, पट्ट्याचे नाते संस्कृत ग्रंथांतल्या पट्टिशाशी आहे आणि आखाडा हा शब्द तर अस्सल देशी आहे. दोघांचेही खरे, म्हणून वाद मिटत नाही.

हा वाद एकट्या महाराष्ट्राचा नाही. फिलिपाईन्स बेटांवर काठी आणि पात्याची एक युद्धकला आहे. तिला आर्निस किंवा एस्क्रिमा म्हणतात. पहिला शब्द चिलखतासाठीच्या स्पॅनिश शब्दावरून आला, दुसरा तलवारबाजीसाठीच्या. स्पेनने तिथे तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले. त्यामुळे ही विद्या स्पॅनिश शिपायांनी शिकवली म्हणणारे आहेत, आणि आमच्या पूर्वजांची विद्या होती, फक्त नावे परकी चिकटली, असे म्हणणारेही आहेत. त्या देशाने २००९ मध्ये कायदा करून तिला राष्ट्रीय खेळ ठरवले, तरी ही चर्चा चालूच आहे.

बँकेत असताना काही वर्षे सोनेतारण कर्जाचे काम माझ्याकडे होते. सराफ दागिना कसोटीवर घासून त्याचा कस सांगे. सोने कुठल्या देशाच्या खाणीतले, हे आम्ही कधी विचारले नाही. दागिना कोणाचा, ही नोंद मात्र चुकून चालत नसे. पट्ट्याच्या बाबतीतही मला खाणीपेक्षा नोंदवहीची काळजी अधिक वाटते. या वहीत एक नाव फार उशिरा लिहिले गेले. ते म्हणजे लहुजी राघोजी साळवे, पुण्याचे लहुजी वस्ताद.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याच्या मुलखातला. घराणे मांग, म्हणजे आजच्या भाषेत मातंग समाजातले. पुरंदरच्या राखणीचा वारसा आणि राऊत ही पदवी घराण्यात होती, अशी परंपरा आहे. वडील राघोजी हेच लहुजींचे पहिले गुरू. तलवार, पट्टा, निशाणबाजी हे सारे मुलाने घरातच उचलले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्यांची आणि इंग्रजांची खडकीला गाठ पडली. राघोजी पेशव्यांच्या बाजूने लढले आणि त्या लढाईत त्यांना मरण आले, असे लहुजींची चरित्रे सांगतात. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. लहुजींना तेविसावे वर्ष पूर्ण होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. बाप गेला, राज्य गेले, आणि शिपाईगिरी करणाऱ्या घराण्याला हातातल्या विद्येचे काय करायचे हा प्रश्न पडला. लहुजींनी लग्न केले नाही. पुण्याच्या गंजपेठेत तालीम काढली आणि उरलेले आयुष्य तिच्यात घातले.

इथे पट्ट्याविषयी थोडे सांगायला हवे. तलवार मनगटावर फिरते. पट्ट्याची गोष्ट वेगळी. त्याची मूठ लोखंडी कवचाच्या आत असते आणि ते कवच हाताला मनगटाच्या वरपर्यंत झाकते. त्यामुळे मनगट मोकळे राहत नाही, पाते म्हणजे जणू हाताचेच लांबलेले हाड होते. मग सगळा खेळ खांद्याचा, कोपराचा आणि पायांच्या पवित्र्याचा. पाय एक बोट चुकला तर लवचीक पाते खेळणाऱ्यावरच उलटते. जमिनीवर आडव्या झालेल्या माणसाच्या अंगावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापून दाखवतात, ते पाहताना आपला श्वास अडकतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही, आणि पाते विकत घेऊनही येत नाही. पुढ्यात उभा राहून पाय दुरुस्त करणारा माणूस लागतो. पाते झोलिंगेनचे असो की गावच्या लोहाराचे, त्या माणसावाचून ते नुसते लोखंड.

पुण्यात तो माणूस लहुजी होते. ज्या शहरात मांगाच्या सावलीचाही विटाळ मानत, त्याच शहरातली वरच्या म्हणवणाऱ्या जातींची मुले गंजपेठेत येऊन मांगाला वस्ताद म्हणू लागली. त्यांतले एक जोतीराव फुले. दांडपट्टा आणि निशाणबाजी आपण लहुजींकडे शिकलो, हे जोतीरावांनी १८७३ च्या गुलामगिरीत स्वतः नोंदवून ठेवले आहे. वस्तादांचे नाव त्यांनी बापाच्या नावासकट लिहिले. त्या काळी विद्या घेणारे पुष्कळ होते, पण असे ऋण छापून मान्य करणारे मोजकेच.

लहुजींनीही शिष्याचे ऋण घेतले, असे म्हणता येईल. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा स्वतः पट्टा शिकवणारा हा म्हातारा होत चाललेला माणूस पाटीपेन्सिलीच्या पाठीशी उभा राहिला. त्यांच्याच घराण्यातली मानली जाणारी मुक्ता साळवे या शाळेत शिकली. चौदा वर्षांच्या त्या मुलीने मांग-महारांच्या दुःखांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापून आला. लहुजींच्या पट्ट्याने जे कापले गेले नव्हते, त्याच्यावर तिने बोट ठेवले.

लहुजींचा दुसरा प्रसिद्ध शिष्य आपल्या नवी मुंबईच्या उंबऱ्यावरचा. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. तिथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना वेळेवर रजा मिळाली नाही, ही त्यांची जखम मीही बँकेत कारकुनीपासून सुरुवात केल्यामुळे मला जरा जास्तच कळते. सत्तरीच्या लहुजींकडे त्यांनी हत्यारांचे शिक्षण घेतले. १८७६-७७ च्या दुष्काळाने त्यांचे मन पेटले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, रामोशी साथीदारांना घेऊन फडक्यांनी बंड उभारले. जुलैत ते पकडले गेले. जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला धाडण्यात आले.

शिष्य समुद्रापलीकडे कैदेत असताना १७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजी गेले. वय शहाऐंशी. फडक्यांनी १८८३ च्या फेब्रुवारीत तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसह उचकटून पलायन केले, पण ते लगेच सापडले, आणि १७ तारखेलाच त्यांनी प्राण सोडला. गुरूच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे झाली होती. एडन हे येमेनचे बंदर, म्हणजे जंबियाचा मुलूख. हत्यारे बंदराबंदरांतून फिरतात, माणसेही फिरतात, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा वाचकहो, पाते बाहेरून आले हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. रघुजींनी फिरंग हाती घेतली म्हणून त्यांचा पराक्रम उणा झाला नाही. मात्र ही कला आपली असे म्हणताना त्या आपल्यात कोण बसतात, हे नीट पाहायला हवे. कलेचा अभिमान मिरवायचा आणि ती जिवंत ठेवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवायचे, हा व्यवहार शंभर वर्षांहून अधिक चालला. मूळ परके की देशी या वादात आपण त्याकडे सोयीने पाठ फिरवतो.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपल्या वसाहतींतली मुले-मुली पट्टा फिरवतात, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पुढे एखाद्या रविवारी त्यांना शिरढोणला फडक्यांच्या वाड्यावर न्या, आणि जमल्यास पुण्याला संगमवाडीला. लहुजी वस्तादांची समाधी तिथे आहे. मुलांनी तिथे त्यांचे नाव जोतीरावांनी लिहिले तसे, बापाच्या नावासकट, पूर्ण वाचावे.